आकड्याची बाजू आत

पुरवणी जबाब

नाव: गेल्या शुक्रवारच्या जबाबात आहे तेच. धंद्यात मला टायरमास्तर म्हणतात. वय ६१ वर्षे. व्यवसाय: टायर विकणे व बसवणे, एकोणचाळीस वर्षांपासून. राहणार: दुकानामागच्या दोन खोल्या.

मी आज मंगळवारी दुपारी पावणेबारा वाजता कोणी न बोलावता या ठाण्यात आलो आहे आणि समक्ष सांगतो की, शुक्रवारी माझ्या मुलीच्या गाडीच्या अपघाताबद्दल मी जो जबाब दिला त्यातल्या दोन गोष्टी खोट्या आहेत. पहिली, "टायर कुठून आणले मला माहीत नाही, माझ्या दुकानातले नाहीत." दुसरी, "जावयांना मुलीचं गाडी घेऊन फिरणं पसंत नव्हतं, त्यांनी मुद्दाम जुने टायर घातले असावेत." ही दोन्ही वाक्यं माझी आहेत. मला कोणी पढवलं नव्हतं. हवालदारसाहेबांना विनंती केली आहे की माझं बोलणं माझ्याच शब्दांत लिहावं, सरकारी इस्त्री फिरवू नये. ते बरं म्हणाले.

माझी मुलगी घरोघरी जाणारी नर्स आहे. चढावरच्या वस्त्यांमध्ये म्हाताऱ्यांच्या जखमा बांधणं, सुया देणं, अंथरुणाला खिळलेल्यांना बघणं हे तिचं काम. रस्ता चिकणमातीचा आणि वळणांचा. म्हणून तिनं लहान पण चारही चाकं ओढणारी गाडी घेतली. साध्या गाडीला इंजिन दोनच चाकं फिरवतं, हिला चारही. अशा गाडीचं एक पथ्य आहे. चारही टायर सारखे लागतात. एक नवा नि तीन झिजलेले घातले तर नवा मोठा पडतो, बाकीच्यांशी त्याचं जमत नाही आणि मधला गिअरचा डबा जळतो. हे मी जावयांना लग्नाच्या आधीपासून सांगत आलो आहे.

जावई नकाशे काढतात. जमिनीची मोजणी, उंचसखल, सगळं कागदावर. खिशात कायम मोजपट्टी. मी त्यांना दुकानात पाठीमागे "मोजपट्टी" म्हणतो. तोंडावर जावईबापू म्हणतो. त्यांनी कधी उलट उत्तर दिलेलं मला आठवत नाही. त्याचाही मला रागच यायचा.

अपघाताच्या आधीच्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास ते दुकानात आले. गाडीचा मागचा डावा टायर दगडानं फाटला होता, बाकी तीन निम्मे झिजलेले. म्हणजे चार घ्यायचे हे ठरलेलंच होतं. मी फळीवरचे चार नवे काढून ठेवले होते. त्यांनी वही काढली. वहीत आठ कंपन्यांचे टायर, रकाने आखलेले. ओल्या रस्त्यावर गाडी किती फुटांत थांबते, आवाज किती, चिखलात पकड किती. मी काढून ठेवलेले टायर त्यांच्या यादीत सहावे होते. ते म्हणाले, "बाबा, ओल्या रस्त्याला हे तितके बरे नाहीत. तिचा अर्धा रस्ता ओलाच असतो. मला दुसरे मागवावेसे वाटतात."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. माझा पारा चढला. मी म्हणालो, "जावईबापू, एकोणचाळीस वर्षं मी इथं काय गोट्या खेळत बसलोय का? कागद वाचून टायर घ्या आणि कागदावरच गाडी चालवा." गिऱ्हाईकं हसली. जावई वही मिटून गेले. संध्याकाळी मुलीचा फोन आला, मी तिलाही ऐकवलं, "तुझ्या नवऱ्याच्या गाडीला मी यापुढे हात लावणार नाही." ती म्हणाली, "बाबा, गाडी माझी आहे." मी फोन ठेवला.

साहेबांनी मला मुद्द्याचं बोला असं सांगितलं. साहेब, हाच मुद्दा आहे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी तीनला जावई फाटक्या चाकाच्या जागी सुटं चाक घालून गाडी हळूहळू घेऊन आले. एकटेच होते. म्हणाले, "बाबा, मागवलेले टायर यायला दहा दिवस लागतील. तिला उद्यापासून चढावर जायचंच आहे, सहा पेशंट अंथरुणावर आहेत. तेवढ्यापुरतं काही करता येईल का?" दुसरा कोणी असता तर आदल्या दिवशी एवढं ऐकून घेतल्यावर माझ्या दारात उभा राहिला नसता.

फळीवर तेच चार नवे टायर होते. ते दिले असते तर हा जबाब द्यायची वेळ आली नसती. पण माझं म्हणणं असं की जे ताट काल ढकललं ते आज पुन्हा वाढायचं नाही. मी म्हणालो, "बघतो. तुम्ही तासाभरानं या."

माझ्या दुकानाची एक रीत आहे, ती लिहून घ्यावी. जो टायर मी बाद ठरवतो त्याच्या आत पिवळ्या खडूनं फुली मारतो आणि गिऱ्हाइकासमोर सुरीनं त्याची कूस, म्हणजे बाजूची भिंत, कापतो. म्हणजे तो पुन्हा कोणाच्या गाडीला लागत नाही. भंगारवाले माझ्यावर चिडतात, पण एकोणचाळीस वर्षांत मी एक टायर सोडला नाही. चार सोडले. मागच्या वर्षी एका बाईंनी नवऱ्याच्या पश्चात त्याची गाडी बाहेर काढून माझ्याकडे आणली. मुलीच्या गाडीचीच बनावट, तेच माप. गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी होती. टायरची नक्षी, म्हणजे वरच्या खाचा, अशी खोल की बघत राहावं. पण बाजूवरचा चार आकडी नंबर बघितला. त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर तेव्हाच आठ वर्षांचे होते. रबर उभ्याउभ्या वाळतं, आतून चिरतं, वरून काही कळत नाही. मी बाद म्हणालो, चौघांच्या आत फुल्या मारल्या, सुरी हातात घेतली आणि हात पुढे होईना. एवढी कोरी नक्षी. ठेवून दिले मागच्या शेडात, कधी हातगाडीला होतील म्हणून.

रविवारी मी तेच चार काढले.

विचारल्यावरून सांगतो की, होय, मला ते नऊ वर्षांचे आहेत हे माहीत होतं. मनात म्हणालो, दहाच दिवसांचा प्रश्न आहे, पोरगी जपून चालवते. हे मी स्वतःला सांगितलं. खरं कारण दुसरं आहे. माझ्या हातच्या टायरवर ती गाडी दहा दिवस चढावर बिनघोर चालली असती, तर अकराव्या दिवशी मी जावयांना म्हणणार होतो, बघा, तुमच्या वहीचं काही अडलं का.

वर्षाचा आकडा टायरच्या एकाच बाजूला असतो. टायर रिमवर चढवताना ती बाजू बाहेर ठेवायची की आत, हे बसवणाऱ्याच्या हातात असतं. मी चारही टायर आकड्याची बाजू आत ठेवून चढवले. चुकून एखादा आत जातो, दोन जातात. चार चुकून जात नाहीत. जावई आकडा वाचणार हे मला ठाऊक होतं म्हणून मी ते केलं. हे वाक्य हवालदारसाहेबांनी मला दोनदा विचारून लिहिलं आहे.

सव्वाचार वाजता जावई परत आले. खिशातून नक्षीची खोली मोजायचं छोटं माप काढलं आणि चारही चाकांना लावलं. सात मिलिमीटर, सात, सात, सात. खूश झाले बिचारे. म्हणाले, "बाबा, चारही अगदी सारखे. कुठून काढलेत?" मग प्रत्येक चाकाशी गुडघे टेकून बघू लागले. "वर्षाचा आकडा दिसत नाही."

मी म्हणालो, "आतल्या बाजूला असेल. दोन वर्षांचे आहेत. काढू का परत चारही, की माझा शब्द पुरे आहे?"

ते उठले, पँटची धूळ झटकली आणि म्हणाले, "शब्द पुरे आहे, बाबा."

निघताना मी त्यांच्याकडून वचन घेतलं की टायर माझ्याकडून घेतले हे मुलीला किंवा कोणालाच सांगायचं नाही. कारण आदल्या संध्याकाळीच मी तिला गाडीला हात लावणार नाही म्हणून ऐकवलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसला माझा स्वभाव. ते हसले. म्हणाले, "बरं. नाही सांगत."

गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला उतारावरच्या दुसऱ्या वळणावर मागच्या उजव्या टायरचं वरचं रबर सोलून निघालं आणि गाडी कठड्यावर गेली. ते तुमच्या पंचनाम्यात आहे. मुलीचं खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टर म्हणतात चालेल, पण काठी लागेल, आणि चढावरचं काम विसरा. ती चौतीस वर्षांची आहे.

शुक्रवारी मी इथं आलो, कारण दवाखान्यात तिनं विचारलं, "बाबा, टायर तर नवीन घातले होते ना? हे म्हणाले, सोय झाली." मी तिला सांगितलं की मी गाडी बघून आलो, टायर नऊ वर्षांचे आहेत, तुझ्या नवऱ्यानं कुठूनतरी उचलून आणलेले दिसतात. चोराच्या उलट्या बोंबा. एकदा तिथं बोललो, मग इथंही तेच बोलावं लागलं, आणि बोलताना वजन पडावं म्हणून ते फिरणं पसंत नसल्याचं वाक्य मी पदरचं घातलं. खरी गोष्ट अशी आहे की तिच्या पहाटेच्या फेऱ्यांसाठी जावई उठून डबा भरून देतात.

तेव्हापासून मुलगी नवऱ्याला खोलीत येऊ देत नाही. ते दाराशी आले की तोंड भिंतीकडे करते. मी तिला चमच्यानं पेज भरवतो. शनिवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच खरे." मी पुढचा चमचा भरला.

साहेबांनीच मला रविवारी सांगितलं होतं की जावई काही बोलायला तयार नाहीत. कुठून आणले विचारलं तर एवढंच म्हणतात, "मी मोजले. मीच घालू दिले." तुम्हाला वाटलं गुन्हा लपवतोय. मला माहीत होतं काय लपवतायत. त्यांनी मला शब्द दिला होता. ते ऐकूनही मी घरी गेलो आणि जेवलो. हेही लिहा.

आज सकाळी साडेदहा वाजता माझ्या दुकानासमोर मालाचा टेम्पो थांबला. चार टायर उतरवले. मी म्हणालो, मी काही मागवलेलं नाही. ड्रायव्हरनं कागद दिला. मागवणारा, जावई. वहीतल्या यादीत जे पहिले होते तेच टायर. पोचवण्याचा पत्ता माझ्या दुकानाचा. खाली त्यांच्या बारीक, नकाशावरच्या अक्षरात लिहिलेलं, "बसवायचे बाबांकडेच. दुसरीकडे नको." कागदावर तारीख शनिवारची होती. म्हणजे गिऱ्हाइकांसमोर मी त्यांची थट्टा केली, ते वही मिटून गेले, आणि घरी जाऊन त्यांनी हे लिहिलं.

मी टायर फिरवून आकडा बघितला. पाच आठवड्यांपूर्वीचे. मग शटर ओढलं आणि इकडे आलो.

पुराव्याबद्दल सांगतो की, ठाण्याच्या मागच्या आवारात त्या गाडीचे तीन टायर अजून रिमवर आहेत. ते उतरवून आत बघावं. पिवळ्या खडूची फुली सापडेल. ती माझ्या हातची आहे. उतरवायला माणूस नसेल तर मी उतरवून देतो, पण मला वाटतं ते आता दुसऱ्या कोणीतरी केलेलं बरं.

या खोलीत येताना जावई बाहेरच्या बाकावर चौकशीसाठी बसलेले होते. तीन दिवसांची दाढी, शर्ट तोच. मला बघून उठून उभे राहिले. मी काय बोलणार होतो ते मलाच माहीत नव्हतं. तेच म्हणाले, "बाबा, तिनं आज काही खाल्लं का?" मी हो म्हणालो आणि आत आलो. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. हा कागद आधी त्यांना वाचू द्यावा, मग मुलीला. मुलीला वाचून दाखवायचं काम मात्र माझ्याकडे द्यावं, ही विनंती. साहेब बघू म्हणाले.

याउपर माझी काही तक्रार नाही. जावयांविरुद्धची तक्रार मी मागे घेतो असं हवालदारसाहेबांनी लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं. मागे घेत नाही, ती खोटी होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार हवी त्याचं नाव वर पहिल्याच ओळीत आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच आहे, बरोबर आहे. शुक्रवारचा जबाबही यांनीच, याच टेबलावर, असाच वाचून दाखवला होता, आणि तेव्हाही मी बरोबर आहे म्हणूनच सही केली होती.

सही