कवळीवरचा थर

नाही हो, नुसतं गरम पाणी ओतून नाही जायचा तो. ओट्याखालचा पाइप, वर्षानुवर्षं साचलेलं, बोट लागलं की बुळबुळीत — तुम्ही प्लंबर, तुम्हाला मी काय सांगणार. पण त्याला नुसता कचरा म्हणू नका हं. जिवंत आहे तो थर, जंतूंची वसाहत. माझी सून प्रयोगशाळेत हेच करते — दिवसभर जंतू वाढवायचे आणि मग ते मारायचे कसे ते बघायचं. मी म्हटलं, मग वाढवतेस कशाला? नुसती हसली. — अंगठ्याला काय झालं? परवा पत्रा लागला? थांबा, माझा काढा देते. लवंग, दालचिनी, ओवा. अख्खी इमारत नेते माझ्याकडून, वरचे वकील तर याच्या गुळण्या केल्याशिवाय कोर्टात जात नाहीत. ही घ्या बाटली. चिंधी भिजवून बांधा.

तर सूनबाई एकदा म्हणाली, आई, तुमची कवळी आठवडाभर देता का? आता कवळी काय उसनी मागायची वस्तू आहे? पण दिली. आठवडाभर सगळं मऊ करून गिळलं, आणि बोललेलं कुणाला कळेना — मुलाकडे चष्मा मागितला तर त्यानं चमचा आणून दिला. मग तिनं फोटो दाखवला. कवळीवर हाच थर, तुमच्या पाइपातला. गुळण्या मी काढ्याच्या करायचे, पण कवळी नळाखालीच धुवायचे ना. म्हणाली, जंतू एकेकटे राहत नाहीत, चिकट घर बांधतात, वर छप्पर घालतात, औषध आत शिरत नाही. दुसरा फोटो काढ्यात बुडवल्यानंतरचा — छप्पर साफ उडालेलं. मी तिथल्या तिथे उठले आणि शेजारी सांगून आले. परत येते तर ही तशीच बसलेली. म्हणाली, आई, अर्धंच ऐकलंत. छप्पर उडालं, पण आतले मेले नाहीत, नुसते बेघर झालेत.

हे मला तेव्हाच पटायला हवं होतं, कारण — काय आहे, हिरडीला फोड आला होता. सांगितला नव्हता कुणाला. सांगणार कसा, इमारतीची वैद्य मी. गाल सुजला तशी काढा तोंडात धरून बसायला लागले. म्हणजे गाल फुगलाय तो काढ्यानं, आणि कुणी विचारलं तर तोंड भरलेलं. मग एक दिवस ताप चढला, अशी हुडहुडी — दात वाजायचे, पण दात होते पेल्यात. सूनबाईनं माझ्या हातातला काढा काढून घेतला, गाडी काढली आणि दवाखान्यात माझा हात धरून बसली. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर रक्तात पसरलं असतं. मी तिला म्हटलं, चिडलीस? म्हणाली, चिडले नाही, घाबरले. हात गार पडला होता तिचा. मला वाटायचं, एवढे जंतू हाताळते, हिला भीती कसली.

गोळ्यांनी बरी झाले. हो, गोळ्यांनी. सूनबाई म्हणते, तिच्या काचेच्या ताटलीत काढा आणि औषध दोन्ही मिळून बरं काम होतं, पण माणसावर अजून तपासायचंय. इमारतीत सगळ्यांना वाटतं काढ्यानंच गुण आला. मी आपली गप्प. तुम्हीही कुठे बोलू नका, वकिलांकडे नळाला जाता तुम्ही.

— बांधलीत का? जरा उजेडात या. ही लाल रेघ कसली? अंगठ्यापासून मनगटाच्या वरपर्यंत — काल नव्हती? आणि अंगात कणकण?

बाटली द्या इकडे. द्या म्हणते ना. पाइप राहू दे उघडा, मी बादली लावते. पाना ठेवा खाली. चिंधी सोडा, डॉक्टरांना नीट दिसू दे. कोपऱ्यावरच आहे दवाखाना, मी येते बरोबर — माझी चप्पल कुठे गेली. आणि जिन्यात वकील भेटले, काढ्याचं विचारलं, तर काय ते मी सांगेन त्यांना. खरं तेच सांगेन. तुम्ही फक्त चाला.