अर्धी दाढी

मुरगळलेला पाय विसरून बाकावरच्या मावशींनी कान टवकारले. समोर स्ट्रेचरवर पांढराफटक पडलेला न्हावी, शेजारी एका गालाला साबण फासलेलं गिऱ्हाईक आणि डॉक्टरीणबाई.

"माझी दाढी करता करता काका धाडकन कोसळले."

"वायू धरलाय हो, दुसरं काही नाही."

"सोनोग्राफीत पोट रक्तानं भरलेलं दिसतंय, काका. मार लागला होता का?"

"छे! आणि रक्त कुठंय? थेंबसुद्धा दिसत नाही."

"आतल्या आत, आपोआप वाहतंय. आत्ताच्या आत्ता ऑपरेशन करायला हवं."

"आधी याचा दुसरा गाल उरकतो. अर्धवट सोडला तर माझं नाक कापलं जाईल."

"काका, माझ्या गालाचं सोडा, गप पडा!"

"मग दुसऱ्या कुणाच्या हातून करून घेणार नाहीस, शब्द दे."

"दिला. पण काका, परवा माझं लग्न आहे."

"मग डॉक्टरीणबाई, उभ्या काय राहिलात? ढकला की गाडी!"