वैष्णवीच्या खोलीतला अभ्यासगट

...तर गटानं अभ्यास केला की चर्चा हुतीया, अन् चर्चेनं ज्ञान वाढतं म्हणे. कुणाचं वाढलं, मला दावा एकदा. तुमाला सांगतो, आमच्या घोटावड्याच्या विठ्ठलरावांची वैष्णवी, कंपनीतलं पॅकिंगचं काम सोडून तलाठी व्हायला निघालेली पोरगी, तिच्यासाठी बापानं भाड्याची खोली रिकामी ठिवली, हिंजवडीचा चांगला भाडेकरू दारातनं माघारी लावला, अन् सांगितलं, "पोरी, ही एक परीक्षा. न्हाई झालं तर पुन्यांदा कंपनीची बस." आता रिकामी खोली म्हणल्यावर... गुळाला मुंगळे लागायचेच, व्हय का न्हाई? तीच परीक्षा देणारी गावातली पोरं जमली, निरंजन आला, ऋषिकेश आला, दिशा तर येताना गादी घिऊन आली. अभ्यासाला गादी?

निरंजन म्हंजी गटाचा पुढारी. "एकटीनं काय हुतंय, वैष्णवी? आधी प्लॅनिंग करू." झालं. सकाळभर वेळापत्रक, दुपारी त्याला रंग, रंग वाळंस्तवर चहा, अन् चहा झाला की चर्चा... पंचायत राज राहिलं बाजूला, बावधनला मिसळ कुटं चांगली मिळती ह्याच्यावर तिघांची जुंपली. वैष्णवीनं पुस्तक उघडलं की दिशा म्हणायची, थांब गं, सगळ्यांनी मिळून सुरू करू. अन् सगळे मिळायचे कवा? जेवायला. चर्चेनं ज्ञान वाढतं म्हणे.

लई सोसलं पोरीनं. शेवटी पुस्तकं उचलली अन् गोठ्यात जाऊन बसली. खोली कुणाची, गोठ्यात कोण? अन् ती गेल्याचा ह्या तिघांना पत्ताच न्हाई. तिकडं ही म्हशीला मोठ्यानं ग्रामपंचायतीचे अधिकार वाचून दावतीया. म्हस रवंथ करतीया, शंका काढत न्हाई, वेळापत्रक मागत न्हाई. चुकलं तर पोरगी सोताच थांबायची, सोताच दुरुस्त करायची, डोळं भरलं तर सोताच पुसायची. मजा हुती का त्यात? कसली मजा... अंगाला शेणाचा वास, पायाला गोमाशा अन् डोळ्यापुढं कंपनीची बस. पण डोक्यात शिरत हुतं.

निकाल लागला. वैष्णवी तलाठी झाली, तिघं गळाले. विठ्ठलराव गोठ्यात गेले अन् म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला फकस्त. मला वाटलं, संपलं. कशाचं संपतंय? दुसऱ्या दिवशी चौकात हा मोठा फ्लेक्स, 'आमच्या अभ्यासगटाचे घवघवीत यश'. मधी निरंजन, डोळ्याला गॉगल, कानाला फोन, दोन्ही अंगाला ऋषिकेश अन् दिशा. कासारसाईपातुरची पोरं येत्यात आता निरंजनला विचारायला, गट कसा करायचा म्हणून. चर्चेनं ज्ञान वाढतं म्हणे!

फ्लेक्सखाली वैष्णवी हुभी. आमचे नथूआप्पा वर बघत म्हणाले, "पोरी, तलाठी तू झालीस ना? मग तुझा फोटू कुटं हाय?"

तिनं पार खालच्या कोपऱ्यातल्या नखाएवढ्या फोटूकडं बोट केलं.

"तितं तर शुभेच्छुक लिवलंय."

"व्हय, आप्पा. मी तलाठी झाले म्हणून मीच त्यांना शुभेच्छा दिल्यात."