मीठ कुणी द्यायचं

ताई : ती मशाल काढून टाक.

भाऊ : ताई, रविवारी उपासनेनंतर आईच्या स्मृतिशिळेचं अनावरण आहे. पाळकसाहेबांना 'विश्वासाची धगधगती मशाल' फार आवडलं.

ताई : आवडणारच. ते या घरात अंधारात ठेचकाळले कुठे? एका खोलीत दिवा लागला की दुसऱ्या खोलीतला घालवायची आई. आणि तू तिला मशाल करून चर्चच्या भिंतीत बसवतोयस.

भाऊ : अलंकारिक असतं गं ते.

ताई : बरं. पुढे?

भाऊ : 'प्रार्थनेत अखंड रत.'

ताई : आणि प्रवचनात अखंड घोरत. कोपरानं ढोसायला तुलाच शेजारी बसवायची ना?

भाऊ : दिवसभर शिलाई मशीन चालवून दमायची बिचारी. म्हणून काय ते दगडावर कोरायचं?

ताई : कोर की. निदान खरं तरी होईल.

भाऊ : तुला चेष्टाच करायची असेल तर मी निघतो.

ताई : नीघ. चर्चच्या सचिवसाहेबांना वेळ कुठे असतो? मग स्टूल का धरून बसलायस?

भाऊ : रविवारी तू माझ्या शेजारी उभी राहा, एवढंच सांगायला आलोय. पडदा आपण दोघांनी मिळून ओढायचा. आईचा विश्वास पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचायला हवा. शिवाय तू दिसली नाहीस तर लोक विचारतील.

ताई : हां, लोक! मला वेडीला वाटलं, माझी आठवण झाली. लोकांना काय सांगायचं, ते तुला मी शिकवू? अंत्यविधीला किती छान बोललास! 'शेवटच्या क्षणी आईचा हात माझ्या हातात होता.' सगळी मंडळी डोळे पुसत होती. मी मात्र विचार करत होते, हा तर तेव्हा गाडीत होता. मग मी तासन् तास धरून बसले होते तो हात कुणाचा? चोरलास की रे! आईचा हातसुद्धा चोरलास.

भाऊ : ताई, ते…

ताई : काय झालं? माइक नाही म्हणून आवाज फुटत नाही?

भाऊ : तू दिलेलं सूप निवतंय.

ताई : मग पी. मी धरून ठेवलंय का?

भाऊ : ताई, हे अळणी आहे.

ताई : या घरात भांडण असलं की स्वयंपाक अळणीच होतो. विसरलास वाटतं.

भाऊ : विसरेन कसा? मिठाचा डबा मधोमध. ज्याचं बरोबर असेल त्यानं उठून दुसऱ्याला मीठ द्यायचं. तोवर सगळ्या घरानं अळणी जेवायचं.

ताई : चुकलेल्यानं नाही, बरोबर असलेल्यानं! आणि आपण दोघंही झडप घालायचो डब्यावर. मी बरोबर, मी बरोबर! एकदा त्या ओढाताणीत बरणीच फुटली, तेव्हापासून हा पत्र्याचा डबा. आई म्हणाली, "धन्य माझी! दोन-दोन नीतिमान पोटी आले."

भाऊ : शेजारीण म्हणायची, मीठ हातात देऊ नये, भांडण होतं. तर आई म्हणे, "भांडण तर झालंच आहे, आता आणखी काय व्हायचंय?"

ताई : मी एकदा विचारलं होतं, बरोबर असणाऱ्यानंच का म्हणून वाकायचं? तर म्हणाली, "प्रभू काय तू माफी मागेपर्यंत थांबला होता?" आणि लगेच, "सुईत दोरा ओवून दे." संपलं प्रवचन.

भाऊ : माझ्या पोरीही भांडल्या की डबा ओढतात.

ताई : तू शिकवलंस?

भाऊ : छे. माझं आणि बायकोचं बिनसलं की ती माझ्यापुढे मीठ धरते. ते बघून शिकल्या असतील.

ताई : दर वेळी तीच धरते?

भाऊ : दर वेळी तीच.

ताई : म्हणजे सचिवसाहेब एकदाही बरोबर नव्हते! हुशार आहे हो माझी भावजय. पण तिला कुणी सांगितलं हे?

भाऊ : लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात माझी तक्रार घेऊन आईकडे आली होती. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि तिला अळणी जेवायला वाढलं म्हणे.

ताई : बघ. आणि तू दगड शोधत हिंडतोयस.

भाऊ : दगड आता सांगून झालाय, मजकूर तेवढा कोरायचा राहिलाय.

ताई : असू दे, भिंतीला आधार होईल. सूप का ठेवलंस खाली? डबा आहे ना हाताशी? घे की. लहानपणी तर माझी बोटं पिरगाळायचास त्याच्यासाठी.

भाऊ : आज नाही, ताई. आज मी त्याला हात लावणार नाही.

ताई : का? चटका बसतो?

भाऊ : ठाऊक आहे तुला.

ताई : …ते शेवटच्या क्षणाचं काही लिहिलंयस का त्या दगडासाठी?

भाऊ : नाही.

ताई : मग मशाल तेवढी काढ.

भाऊ : काढतो.

ताई : हात पुढे कर.