शनिवारची वाफ

ओंडक्यांच्या जुन्या विश्रामगृहाचं संग्रहालय झालं, तरी माझे बाबा ऑस्मो तिथली सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, दर शनिवारी तापवत. न्हाऊन निघाल्यावर तापवणाऱ्याचे आभार मानायची आमच्याकडे रीत आहे. त्या शनिवारीही मी नेहमीसारखी आभार न मानताच गाडी गाठली. रविवारी बाबा गेले.

महिन्याने संग्रहालयाच्या तिकिटाच्या रांगेत उभी होते. खिडकीशी दोन सफाईवाल्या बोलत होत्या.

“ऑस्मो गेल्यापासून सौनेची भट्टी पेटलेली नाही.”

“मग आतली बसायची फळी ओली कशी गं?”

“छप्पर गळत असेल.”

“गरम पाणी गळतं?”

“तुझंच डोकं तापलंय, सिल्वी.”

“आतून विचारलं ऑस्मोने, ‘वाफ पुरली का?’”

“तू काय म्हणालीस?”

“मला थोडंच विचारलं होतं?”

मी रांग सोडून सौनेच्या दाराशी गेले.

“पुरली, बाबा. दर वेळी पुरली. आभारी आहे.”