चौसष्ट फरम्यांची तक्रार

जबाब. मंगळवार, सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

मी, वय ५८ वर्षे, धंदा दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांचे गणवेश शिवण्याचा कारखाना, राहणार त्याच कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझ्या मुलीसह राहते. कारखान्यात चौदा शिलाई मशीन व एक कटिंग टेबल आहे. कामावर मला सगळे ताई म्हणतात. लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांना मी आधीच सांगितलं आहे की मी बोलते तसंच लिहा, मागाहून "असं तुम्ही म्हणालाच नव्हतात" हे मला चालणार नाही.

माझ्याकडे सव्वीस वर्षांपासून एक कटिंग मास्तर कामाला आहेत. वय एकसष्ट. टेबलावर कापड अंथरायचं, त्यावर पुठ्ठ्याचे फरमे ठेवून खडूने आखायचं आणि कापायचं, हे त्यांचं काम. त्यांनी कापलं नाही तर चौदाच्या चौदा मशीन बसून राहतात. गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गडद कापडावर त्यांना त्रास होतो. म्हणून त्यांच्या हाताखाली एक माणूस घ्यायचं मी आणि मुलीने ठरवलं. मास्तरांना हे सांगितलं नाही. त्यांना नुसतं "दमलात का" विचारलं तरी दोन दिवस तोंड फुगवून बसतात. माणूस मिळाला की सांगू, असं मीच म्हणाले, मुलगी नाही.

पूर्वी माणूस लागला की मी कापडाच्या दुकानदाराच्या कानावर घालायचे. आठ दिवसांत कुणीतरी यायचा. त्याला दोन मीटर कापड द्यायचं, शर्ट काप म्हणायचं, आणि शर्टाकडे न बघता टेबलाखालच्या चिंध्या बघायच्या. चिंध्या कमी, तर माणूस ठेवायचा. मास्तर असेच आले. त्यांच्या चिंध्या माझ्या एका मुठीत मावल्या होत्या.

मुलगी म्हणाली, "आई, आता असं कुणी माणसं शोधतं का?" तिने नोकऱ्यांच्या एका वेबसाइटवर जाहिरात टाकायचं ठरवलं. तिथे कामाचं वर्णन द्यावं लागतं, आणि तिला कटिंगमधलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तिने मास्तरांनाच समोर बसवलं. "काका, तुम्ही नेमकं काय काय करता ते सांगा ना." कशासाठी, ते सांगितलं नाही. मास्तर खुलले. दोन तास बोलत होते. मुलीने ते सगळं जसंच्या तसं जाहिरातीत घातलं. शिक्षणाचा रकाना रिकामा ठेवला तर वेबसाइट पुढे जाऊ देईना, म्हणून तिथे तिने दहावी पास असं टाकलं.

बुधवारी जाहिरात लागली. गुरुवारी रात्रीपर्यंत चारशे सतरा अर्ज. त्यात एक दातांचा डॉक्टर होता, लग्नाचे फोटो काढणारे दोघे होते, आणि एकाने अनुभवाच्या जागी फक्त "मेहनती" असं लिहिलं होतं. मी म्हणाले, अगं, हे चाळायचं कोणी? मुलगी म्हणाली, वेबसाइटच चाळते, आपण फक्त वरचे तिघे बोलवायचे.

शुक्रवारी ते तिघे आले. पहिला वेबसाइटच्या हिशोबाने शंभरातले अठ्ठ्याण्णव गुण जुळलेला. त्याने टेबलाकडे बघून विचारलं, "मॅडम, कॉम्प्युटर कुठेय?" कात्री त्याने कधी हातात धरलेली नव्हती. दुसऱ्याला आठवड्यातले तीन दिवस घरून काम हवं होतं. घरून कापड कसं कापणार बाबा तू, असं मी विचारलं, तर म्हणे ते चर्चा करून ठरवू. तिसऱ्याने कात्री धरली आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. माझं डोकं भणभणायला लागलं.

त्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मास्तर ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "ताई, माझ्याशी काही बोलायचंय का तुम्हाला?" मी म्हणाले, "मास्तर, आत्ता नको हो, मुलाखती चालल्यात." ते परत गेले. संध्याकाळी सहापर्यंत कापत होते.

शनिवारी साडेआठला मास्तर आले नाहीत. कटिंग टेबलावर दवाखान्याच्या ऑर्डरीतल्या दोनशे चाळीस अंगरख्यांचे कापलेले गठ्ठे होते, मापाप्रमाणे बांधून, चिठ्ठ्या लावून. वर कारखान्याची किल्ली. भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले चौसष्ट फरमे मात्र गायब. मी त्यांना एकोणीस वेळा फोन केला. रविवारी पाच वाजता घरी गेले, तर वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दार जरासंच उघडलं. म्हणाल्या, "घरात आहेत. पण तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतात." मी विचारलं, अहो पण झालं काय? त्यांनी दार लावून घेतलं.

वीस तारखेला सहाशे अंगरखे द्यायचे आहेत. फरमे नाहीत म्हणजे नवा माणूस आला तरी त्याने कापायचं काय, कपाळ? सव्वीस वर्षं! एका शब्दाने विचारता येत नाही, भांडता येत नाही? माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणून मास्तरांविरुद्ध चोरीची तक्रार द्यायला आज इथे आले.

फरमे नक्की कोणाचे, असं साहेबांनी विचारलं. पुठ्ठा मी आणलेला आहे. कापले त्यांनी. मापं त्यांनी बसवली. साहेबांनी पुन्हा विचारल्यावर मी सांगितलं की मला वाद घालायचा नाही, पुढे लिहा.

यानंतर साहेबांनी मास्तरांचं पूर्ण नाव व फोन नंबर विचारला. नंबर मला पाठ नाही. माझा फोन घरी राहिला होता, म्हणून बाहेर बसलेल्या मुलीचा घेतला. त्यात वरच शोधायची जागा दिसली, तिथे मी मास्तरांचं नाव घातलं. ती नंबरांची यादी नव्हती. ती नोकऱ्यांची वेबसाइट होती, आणि मास्तरांचं नाव आलं. समोर लिहिलं होतं, नाकारले.

मी पाणी मागितलं. जबाब अंदाजे दहा मिनिटं थांबवण्यात आला.

मुलीला आत बोलावलं. तिने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी कारखाना तीन महिने बंद होता, तेव्हा मास्तरांच्या लेकीने त्यांची माहिती या वेबसाइटवर भरली असणार. कामाचं वर्णन जुळलं की वेबसाइट त्या माणसाला स्वतःहून फोनवर कळवते. जुळणारच. त्यांचंच होतं. अटीत न बसणाऱ्याला तिथल्या तिथे नकार जातो, हे मुलीला माहीत होतं. मला नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी मास्तरांचा अर्ज आला. ६ वाजून ५३ मिनिटांनी त्यांना पत्र गेलं की आपण आमच्या अपेक्षांत बसत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली माझं नाव.

माझी चोरीची तक्रार नाही. वर लिहिलेलं खोडता येत नाही असं साहेब म्हणतात, म्हणून खाली लिहून देते की फरमे मास्तरांचे आहेत आणि त्यांना ठाण्यात बोलावू नये. मी इथून थेट त्यांच्या घरी जाणार आहे. वहिनींनी दार उघडलं नाही तर पायरीवर बसेन. ते परत येतील की नाही, मला माहीत नाही. अंगरख्यांचं काय व्हायचं ते होवो.

त्यांचा अर्ज जबाबात घ्यावा असा मी आग्रह धरला, तो असा. शिक्षण: चौथी. अनुभव: सव्वीस वर्षे, याच टेबलावर. ओळख देणारी व्यक्ती: इथे माझं नाव. इतर माहिती: रजेचा अर्ज आता फोनवर करतो तसा हाही सगळ्यांनी भरायचा असेल असे समजून भरत आहे, चुकले असल्यास कळवावे. सध्याची नोकरी का सोडू इच्छिता: सोडायची नाही, ताई.

एवढाच माझा जबाब. तो मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. अर्जाची शेवटची ओळ मी पुन्हा वाचायला लावली. मी सांगितलं तसाच लिहिला आहे, बरोबर आहे.