पाहुणीला दाखवलेलं गाव

आमच्या गावच्या छोट्या स्टेशनात मी दुपारच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर तोफू विकणाऱ्या तादाओकींची बायको किनुए आणि तिची मैत्रीण सावा बोलत होत्या.

"ती फ्रान्सची पाहुणी गेली का गं, किनुए?"

"गेली एकदाची. आमचे हे रोज तिला गावभर हिंडवत होते. देवळामागचा झरासुद्धा दाखवला म्हणे."

"कुठला झरा?"

"मला काय माहीत? लग्न होऊन जन्म गेला, मला कधी नेलंय तिथे?"

"पण त्यांना तिची भाषा येत नाही, तिला जपानी येत नाही."

"तेच तर. तरी तासन्‌तास बोलत होते. माझ्याशी नुसतं 'हं'."

"तरुण होती का?"

"माझ्याहून मोठी. म्हणून तर जास्त जळते मी."

"मग म्हणायचं, मलाही न्या."

"म्हटलं ना काल. म्हणाले, तुला काय दाखवायचं? तू तर इथलीच."

"आणि आज एवढी नटून कुठे निघालीस?"

"डोंगरापलीकडच्या गावी."

"तिथे कोण आहे तुझं?"

"कुणीच नाही. म्हणून तर चाललेय. तिथे मी पाहुणी. कुणी ना कुणी गाव दाखवेलच मला."